इमारतीच्या धुराचा हिशेब : नकाशा कागदावर आहे तोवरच

(वर्धापन दिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला बोलायला उभे केले की समितीला ठाऊक असते, हे गृहस्थ आकडे घेऊन येणार. गिरणीच्या गेटवर, युनियनच्या फळ्यावर महागाई भत्त्याचा हिशेब खडूने मांडता मांडता लागलेली ही सवय आहे. आजचा हिशेब मात्र पैशांचा नाही, धुराचा आहे.

आपल्या विहाराच्या नव्या इमारतीचे तीन नकाशे बाहेर भिंतीवर लावलेत. पहिल्यात जुन्या भिंती ठेवून दुरुस्ती, नवे छप्पर आणि मागे संडास-बाथरूमची जोड. दुसऱ्यात सगळे पाडून तळमजला अधिक एक मजला. तिसऱ्यात त्याशिवाय खाली तळघर, वर घुमट, समोर काच आणि सभागृहाला एसी. पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत यातला एक आपण हात वर करून निवडणार आहोत. लोक काय बघताहेत? दर्शनी भाग कुठला देखणा, आणि वर्गणी किती बसणार. दोन्ही बघायलाच पाहिजे. पण तिसरी एक गोष्ट आहे, आणि ती नकाशा पास झाल्यावर बघून काही उपयोग नाही. ही इमारत बांधताना, वापरताना, डागडुजी करताना आणि शेवटी पाडताना, सगळे मिळून, हवेत किती कार्बन सोडणार? पृथ्वी तापवणारा जो कार्बन डायऑक्साइड वायू, त्याला सोयीसाठी आपण नुसते कार्बन म्हणू.

कोणी म्हणेल, इमारत कुठे धूर सोडते? ती काय गिरणीची चिमणी आहे? धूर निघतो, पण आपल्या गल्लीत निघत नाही. तो चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरकडे सिमेंटच्या भट्टीत निघतो, पोलादाच्या कारखान्यात निघतो, वीटभट्टीवर निघतो. आपल्याकडे पोते येते तेव्हा धूर मागे राहून गेलेला असतो, म्हणून दिसत नाही.

सिमेंटचेच बघा. चुनखडी आणि माती भट्टीत १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. त्यासाठी कोळसा जळतो, त्याचा कार्बन वेगळा. पण कोळसा बाजूला ठेवला तरी खुद्द दगडातूनच वायू निघतो. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली, तर ४४ किलो कार्बन होऊन उडून जाते आणि ५६ किलो चुना हाती राहतो. हे रसायनशास्त्र आहे, कारखानदार कितीही भला असला तरी यात सूट नाही. म्हणून साध्या पोर्टलँड सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे ४० किलोच्या वर कार्बन गेलेला असतो. वीज केंद्राची राख, म्हणजे फ्लाय ॲश, मिसळलेले सिमेंट घेतले तर तोच आकडा तीसच्या आसपास उतरतो. पोलादाचे म्हणाल तर आपल्या देशात एक टनामागे सरासरी अडीच टनांच्या घरात. भंगार वितळवून केलेल्या सळईचा पुष्कळ कमी. ॲल्युमिनियम तर विचारूच नका, कोळशाच्या विजेवर केलेल्या एका टनाला पंधरा-वीस टन. खिडकीची ती चकचकीत चौकट हलकी असते, पण तिच्या मागचे ओझे हलके नसते.

आता दुसऱ्या नकाशाला हे लावू. एक मजला २,००० चौरस फूट, दोन मजले ४,०००. कुठल्याही मुकादमाला विचारा, तो सांगेल चौरस फुटाला साधारण ०.४ पोते सिमेंट आणि ४ किलो सळई. म्हणजे १,६०० पोती आणि १६ टन लोखंड. साधे सिमेंट धरले तर ६४ टन, लोखंडाचे ४०. शंभर टनांच्या वर गेलो आपण, आणि अजून विटा, लाद्या, रंग, दारे-खिडक्या यायच्या आहेत. फक्त पोते बदलले, राखेचे घेतले, तर १६ टन वाचतात. एका शब्दाने, निविदेत लिहिलेल्या एका ओळीने! मात्र राखेचे सिमेंट जोर धरायला वेळ घेते, सेंट्रिंग जास्त दिवस ठेवावे लागते, पाणी जास्त दिवस मारावे लागते. कंत्राटदार घाईत असला की त्याला हे नको असते. म्हणून ती ओळ आधी लिहायची आणि दिवसही आधीच धरायचे.

पहिल्या नकाशाला तीनशे-चारशे पोती आणि तीनेक टन लोखंड पुरेल असा आमचा अंदाज आहे. वीस-पंचवीस टनांत काम आटोपते. तिसऱ्यात तळघर आहे. तळघर म्हणजे जमिनीला आणि पाण्याला अडवणाऱ्या जाड भिंती, खाली जाड राफ्ट, आणि मुंबईचा पावसाळा असल्यामुळे जन्मभर चालणारा पंप. आमच्या हिशेबाने निदान पन्नास-साठ टनांची भर. हे आकडे ठोकताळ्याचे आहेत, इंजिनीअरचे नव्हेत, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण नकाशे निवडायच्या वेळी ठोकताळाच लागतो. सुताचा नंबर शेवटच्या दशांशापर्यंत मोजायची वेळ नंतर येते, जाडे की बारीक हे आधी ठरते.

इथे गिरणीतल्या माणसांना एक गोष्ट लगेच कळेल. मिक्सिंगमध्ये कापूस चुकीचा पडला, आखूड धाग्याचा पडला, तर पुढे कार्डिंगवाला, रिंग फ्रेमवाला, साचेखात्यातला विणकर, कोणी कितीही हुशार असला तरी तो धागा तुटतच राहतो. कपडा खात्यात ताग्यावर दोष दिसतो तेव्हा त्यावर नुसते खडूचे फुलीचे निशाण करता येते. इमारतीचे अगदी तसेच आहे. किती मोठी, किती मजले, तळघर हवे की नको, खांब किती अंतरावर, तोंड कुठल्या दिशेला, जुने ठेवायचे की पाडायचे, हे सगळे पहिल्या पंधरा दिवसांत, पेन्सिलीने ठरते. त्यात बदल करायला रबर पुरते. पाया भरला की त्याच बदलाला ब्रेकर लागतो. आणि उद्घाटनाची फीत कापल्यावर आपल्या हाती राहते काय? एलईडी दिवे लावा, एवढेच.

खांबांचे उदाहरण सांगतो, कारण त्यावरून समितीत बरीच वादावादी झाली. सभागृह ४० फूट रुंद आहे आणि मागणी अशी की मध्ये एकही खांब नको. मागणी रास्त आहे, मागे बसलेल्या आजींना विचारमंच दिसला पाहिजे. पण गाळा दुप्पट केला की तुळईला वाकवणारा जोर चौपट होतो. ४० फुटांची तुळई साडेतीन फुटांपर्यंत खोल जाते, तिचे लोखंड वाढते, तिचे वजन पेलायला खांब जाड, खांब पेलायला पाया मोठा. त्याऐवजी दोन्ही बाजूंना दहा-दहा फुटांवर एकेक रांग सोडली तर मधला गाळा २० फुटांचा राहतो. खांबांच्या बाहेरची पट्टी चालायला, चपला-पुस्तकांच्या स्टॉलला, लहान पोरे घेऊन बसणाऱ्या बायकांना. दर्शनही होते आणि तुळई निम्म्या उंचीत बसते. आर्किटेक्ट साहेबांना हे विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "आधी कोणी विचारलंच नाही." बरोबर आहे, आपण सांगितले ते त्यांनी काढले.

स्लॅबचेही तसेच. केरळात लॉरी बेकर नावाचे वास्तुविशारद होऊन गेले, २००७ साली वारले. स्लॅबच्या खालच्या अंगातले काँक्रीट ताणाला फारसे कामाला येत नाही, तिथले काम सळई करते, हे ओळखून ते तिथे जुनी मंगलोरी कौले भरत. त्याला फिलर स्लॅब म्हणतात. विटा उभ्या, आत पोकळी ठेवून रचण्याची रॅट ट्रॅप पद्धत त्यांनी पसरवली, तिच्यात सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. आपल्या जुन्या छपरावरची कौले उतरवून भंगारात टाकायची की स्लॅबमध्ये घालायची, हाही प्रश्न नकाशातच सुटतो. नंतर कौले फुटलेली असतात.

आता वापराकडे येऊ. मुंबईत आपण जी वीज वापरतो तिच्यात अजून कोळशाचा वाटा मोठा. देशाच्या सरासरीने एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन. सभागृहाला दहा टनांचा एसी बसवला, वर्षातले दीडशे दिवस चार-चार तास चालवला, तर सहा हजार युनिटे, म्हणजे वर्षाला चार टनांच्या वर. पंचवीस वर्षांत तो एसी दोन मजल्यांच्या सिमेंट-लोखंडाएवढा कार्बन सोडतो. पुढे वीज जसजशी उन्हा-वाऱ्याची होईल तसा हा आकडा कमी होईल, ते खरे. पण एसी दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो, त्याच्या नळीतला गॅस गळतो, आणि हल्लीच्या आर-३२ गॅसचा एक किलो हवेत गेला तर तो पावणेसातशे किलो कार्बनच्या बरोबरीचा. उलट वीस पंखे, तेही नव्या कमी विजेचे, तेवढ्याच तासांना चारशे युनिटांत बसतात. बिल कोण भरणार? महिना पन्नास-शंभर रुपये वर्गणी देणारी घरे. एसीला देणगीदार मिळतो, पण एसीच्या बिलाला देणगीदार मिळाल्याचे आम्ही ऐकले नाही.

पंख्यावर भागायचे तर इमारत मुळात थंड पाहिजे. समोरासमोर खिडक्या, वर गरम हवा निघून जायला झरोके, पश्चिमेच्या भिंतीवर काच नाही, खिडकीवर दोन फुटांचा छज्जा, गच्चीवर पांढरा चायना मोझेक. आपण गिरणीत ज्या छपराखाली काम केले ते करवतीच्या दातांसारखे होते, काच उत्तरेला. दिवसभर लख्ख उजेड, पण ऊन अंगावर नाही. मालकाने ते आपल्या प्रेमापोटी केले नव्हते, धाग्याला उजेड लागत होता. पण शहाणपण ते शहाणपण! त्याच गिरण्यांच्या जमिनीवर आता काचेचे टॉवर आहेत आणि भर दुपारी आत दिवे. आणि आपल्या शहरातच कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी, डोंगरातच खोदलेली पाण्याची टाकी, दोन हजार वर्षांकडे झुकलेले वय. वैशाखात आत जाऊन बसा, म्हणजे जाड भिंत आणि योग्य तोंड काय करते ते कळेल. तसे खोदायला आता कोणी डोंगर देणार नाही, तो भाग निराळा.

हा हिशेब आमच्या डोक्यातून निघालेला नाही. युरोपात इमारतीचे असे जन्मापासून मरणापर्यंतचे मोजमाप कसे करावे याचे प्रमाण २०११ सालीच ठरले. माल, वाहतूक, बांधकाम, वापर, दुरुस्ती, पाडकाम असे त्याचे टप्पे. लंडनमध्ये २०२१ पासून मोठ्या प्रकल्पांना हा हिशेब परवानगीच्या अर्जासोबतच जोडावा लागतो. फ्रान्समध्ये २०२२ पासून नव्या घरांना कायदा लागला. डेन्मार्कने २०२३ मध्ये हजार चौरस मीटरवरच्या नव्या इमारतींना मर्यादाच घातली : पन्नास वर्षांचे आयुष्य धरून, चौरस मीटरला वर्षाला १२ किलो. २०२५ च्या जुलैपासून ती आणखी कडक केली. आपल्याकडे २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या, पण मालातला कार्बन मोजलाच पाहिजे अशी सक्ती आपल्यासारख्या बांधकामाला नाही. सक्ती नाही म्हणून विचारू नये, असेही कुठे लिहिलेले नाही.

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर मार्क्स अँड स्पेन्सर कंपनीचे १९३० च्या सुमाराचे दुकान आहे. ते पाडून नवे बांधायचे ठरले, तेव्हा नव्या बांधकामाच्या मालाचाच कार्बन ४० हजार टनांच्या जवळ जातो असा हिशेब निघाला. जुनी इमारत सुधारून वापरा, म्हणून लोक भांडले. २०२३ मध्ये मंत्र्याने परवानगी नाकारली, २०२४ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि डिसेंबरमध्ये सरकारने पाडायला परवानगी दिली. म्हणजे भांडणारे हरले. पण तीन वर्षे सगळा देश एका दुकानाच्या पोलाद-काँक्रीटचे आकडे वाचत होता. आणि तो वाद इतका चिघळला कारण नकाशा पुरा झाल्यावर तो सुरू झाला. आपल्याला मुंबईत तीन वर्षे भांडायला वेळ नाही, म्हणून आधी विचारायचे.

आता एक आक्षेप आहे, आणि तो आम्हाला समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ उपासकांनी तोंडावर सांगितला. "इतकी वर्षे पत्र्याखाली बसलो. आता कुठे चांगली वास्तू बांधायची वेळ आली, तर तुम्ही धूर मोजता? श्रीमंतांचे आधी मोजा!" काका, तुमचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी चौदा टन कार्बन सोडतो, भारतातला दोनच्या आसपास, आणि आपल्या चाळीतला त्याहूनही कमी. जगाचे पाप आपल्या विहाराच्या माथी मारायला आम्ही उभे नाही. संडास चांगला पाहिजे, रॅम्प पाहिजे, मुलांना अभ्यासिका पाहिजे. त्यासाठी सिमेंट लागेल तेवढे लागू द्या. पण घुमटाखालचे तळघर कशासाठी? समितीत तीनदा विचारले, "पुढे काही तरी उपयोगी पडेल" एवढेच उत्तर मिळाले. उपयोग न ठरलेल्या जागेला पन्नास टन आणि आपल्या वर्गणीतले सगळ्यात महागडे खोदकाम, हे आम्हाला पटत नाही. आणि जे सिमेंट वाचते ते वर्गणीतूनही वाचते, हे विसरू नका.

जुने ठेवावे हाच आमचा आग्रह आहे असेही समजू नये. समुद्राच्या हवेत सळई गंजून स्लॅब फुगला असेल, पापुद्रे पडत असतील, तर तो कार्बन वाचवण्यासाठी माणसांच्या डोक्यावर ठेवायचा का? पाडाच. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे, ते त्याचसाठी. पण तीस वर्षे झाली म्हणजे पाडायची वेळ झाली, हा जो अर्थ बाजारात लावला जातो, तो त्या नियमात नाही. तपासा असे म्हटले आहे, पाडा असे नव्हे. आपल्या विहाराच्या भिंती विटांच्या आहेत, वजन भिंतींवरच आहे, त्यात गंजायला सळईच नाही. मागे जोडलेली स्लॅबची खोली मात्र संशयाची. मग दोघांना एकच शिक्षा का?

हे सगळे विहारापुरते असते तर आम्ही एवढा घसा कोरडा केला नसता. आपल्या चाळींचा पुनर्विकास दारात आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वी बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांत पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांच्या आनंदात आपला आनंद आहे. पण त्या चाळींनी शंभर वर्षे काढली हेही बघा. मालाचा कार्बन शंभर वर्षांवर वाटला की वर्षाचा वाटा लहान होतो. आपला नवा टॉवर चाळीस वर्षांत पुन्हा पाडायचा असेल तर तोच वाटा अडीच पट. आणि तो मालाचा कार्बन बांधकामाच्या दोन-तीन वर्षांतच हवेत गेलेला असतो, पुढे वीज कितीही स्वच्छ झाली तरी तो परत बोलावता येत नाही.

गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला आहे. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि तिथे क्षयरोग जास्त आढळला. जिथे वारा नाही तिथे दिवसा दिवा आणि चोवीस तास पंखा, म्हणजे धूरही वाढला आणि खोकलाही. दोन इमारतींमधले ते अंतर कोणी ठरवले? पहिल्या पंधरा दिवसांत, पेन्सिलीने. तेव्हा तिथल्या बायकांना कोणी विचारले नव्हते. बिल्डर आपल्याला मॉडेल दाखवील, त्यात झाडे हिरवी असतील आणि गाड्या लाल. तेव्हा मधले अंतर किती, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचे महिन्याचे बिल किती, सिमेंट कुठले, इमारत किती वर्षांसाठी, हे विचारायची जिभेला सवय पाहिजे. ती सवय आपण विहारावर करू. इथे चुकले तर आपसात चुकेल.

म्हणून समितीपुढे आमचा ठराव असा आहे की, सर्वसाधारण सभेच्या आधी आर्किटेक्ट साहेबांनी तिन्ही नकाशांखाली एकेक कागद जोडावा. त्यावर पोती, लोखंड, विटा, साठ वर्षांची वीज, किती वेळा काय बदलावे लागेल, आणि पाडल्यावर काय परत वापरता येईल, हे लिहावे. आकडे अंदाजे चालतील, पण तिघांना माप एकच लावावे. कागद मराठीत असावा आणि नकाशाशेजारीच लावावा.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता इंजिनीअर साहेब जुन्या भिंती तपासायला येणार आहेत. शिडी तरुण मंडळाने आणायची कबूल केली आहे. कौले मोजायला चार माणसे लागतील, फुटकी वेगळी, धड वेगळी. महिला मंडळाने गेल्या दोन वर्षांची विजेची बिले शोधून ठेवली आहेत, ती अभ्यासिकेच्या कपाटात आहेत, ज्यांना बघायची त्यांनी बघावीत. नावे आमच्याकडे आजच द्या.

जय भीम!